नापा खोऱ्यातला ‘नवा’ जुना किल्ला

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला सुमारे १२० किलोमीटर गेले, की कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातले कॅलिस्टोगा हे छोटे गाव लागते. वाटेत दुतर्फा नजर पोचेल तिथवर द्राक्षमळे. गावाच्या थोडे अलीकडे एक फाटा टेकडी चढू लागतो आणि झाडीआडून अचानक समोर येतो दगडी किल्ला! पाच बुरूज, खंदक, खंदकावर उचलता पूल. गड-किल्ले पाहत वाढलेल्या मराठी पर्यटकाच्या ओठांवर प्रश्न येतोच, ‘इथे लढाई कुणाकुणाची झाली?’

कुणाचीच नाही. ‘कास्टेलो दी आमोरोसा’ हा किल्ला २००७ साली लोकांसाठी उघडला आणि तिथे वाइन तयार होते.

तो बांधणारे दारिओ सातुई हे इटालियन वंशाचे. त्यांचे पणजोबा व्हित्तोरिओ यांनी १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत वाइनचा धंदा थाटला होता. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि दुकानाला टाळे लागले. पणतूने १९७६ साली तोच व्यवसाय नापा खोऱ्यात पुन्हा उभा केला. एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. पण तरुणपणी इटलीत पाहिलेले किल्ले या गृहस्थांच्या डोक्यातून जाईनात. बांधकाम दशकाहून अधिक काळ चालले. युरोपातल्या जुन्या इमारतींच्या विटा जहाजाने आणवल्या. दगड हाताने घडवले. खोल्या झाल्या १०७! चार मजले वर, चार जमिनीच्या पोटात.

हौस इतकी, की एक बुरूज मुद्दाम पडका बांधला आहे. जणू शत्रूच्या माऱ्याने ढासळलेला! हे थोडे अतीच, असे एखाद्याला वाटेल. पण भित्तिचित्रांनी भरलेल्या मोठ्या दालनात शिरले, की तक्रार विरून जाते. छळाची हत्यारे मांडलेली कोठडीही आहे. लहान मुलांचा हात धरावा हे बरे. खरी गंमत तळघरात. विटांच्या कमानींखाली ओक लाकडाच्या पिंपांच्या रांगा, मंद उजेड आणि बारमाही गारवा. हाच गारवा वाइन मुरायला लागतो. चव घेण्याची वेळ आली, की मोठ्यांच्या पेल्यात वाइन आणि मुलांच्या वाट्याला द्राक्षाचा रस. त्यामुळे सहकुटुंब जायला हरकत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मात्र या टेकडीवर वणवा चढला. किल्ल्याशेजारी इटालियन शेतघराच्या धर्तीची एक इमारत होती. वाइन आंबवण्याची व बाटल्या भरण्याची यंत्रे तिथेच. ती इमारत साठवलेल्या हजारो बाटल्यांसह जळून गेली. रोजच्या राबत्या कामाची जागाच नेमकी गेली. दगडी किल्ला मात्र बचावला. शत्रू आला तो आगीच्या रूपाने, आणि बुरूज पडला नाही. पडका होता तो आधीपासूनचाच. पुढे खंदकावरच्या पुलावरून पर्यटकांची ये-जा पुन्हा सुरू झाली.