भिंतीकडे तोंड करून उभी पुस्तकं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. धाकटी बहीण फोनवर विचारत होती, "ताई, लिहायचं सोडलंस की काय?" सोडलं नाही गं, पण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडलंय. विषय म्हणाल तर अगदी साधा, आमच्या हॉलमधलं शेल्फ. हसू नका. चार महिने मी या एका गोष्टीबद्दल कुणाशी बोलले नव्हते.

आधी थोडं मागचं सांगते, म्हातारपणी तेवढी सूट असते.

वाईला आमच्या माहेरच्या वाड्यात फळ्या अशा फारशा नव्हत्याच. मातीच्या भिंती चांगल्या दीड हात जाड, त्यामुळे भिंतीतच कोनाडे आणि फडताळं. कोनाड्यात दिवा, फडताळात हिशेबाच्या वह्या, औषधाच्या बाटल्या आणि आजोबांची तपकिरीची डबी. फळी होती ती स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्या आणि पितळी डबे ठेवायला. दिवाळीच्या आधी आई ती घासूनपुसून त्यावर नवं वर्तमानपत्र अंथरायची. पुढे लोंबणारी कागदाची कड ती घडी घालून कात्रीनं अशी कापायची की उलगडल्यावर तोरणासारखी त्रिकोणांची ओळ व्हायची. मधे मधे बारीक चौकोनी भोकं. आमच्या घरातली फळीची सजावट म्हणजे एवढीच. बरण्यांची जागा मात्र कधी बदलली नाही. दिवे गेले तरी आई अंधारात हात घालून मिठाची बरणी बरोबर काढायची.

पुढे लग्न होऊन पुण्यात आले. सगळ्या मैत्रिणींकडे तेव्हा शोकेस होती. सरकत्या काचा, आत ताजमहाल, शंखशिंपल्यांचा गणपती, कधीही न वापरलेला टी-सेट आणि सावंतवाडीची लाकडी फळं. आंबा, केळी, सीताफळ, पाहुण्यांची पोरं हमखास चावून बघायची ती. मलाही शोकेस हवी होती हो. पण आमच्या ह्यांनी १९८८ साली सुताराकडून करून घेतलं ते उघडं शेल्फ, पाच फळ्यांचं, भिंतभर. पुस्तकांसाठी.

हे बँकेत होते. वाचनाचं वेड, आणि त्याहून मोठं वेड म्हणजे प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं. वर शाईनं नाव, पाठीवर चिकटपट्टी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला १९७६ मध्ये, आमचं लग्न झालं १९७७ मध्ये. "सून आणि विश्वकोश पाठोपाठ घरात आले," असं सासूबाई म्हणायच्या. मग जसजसे खंड निघत गेले तसतसे हे आणत गेले. एकेक खंड असा जड की मधली फळी हळूहळू खाली वाकली. सुतारानं एकदा ती काढून उलटी बसवून दिली. "काका, पुस्तकांचं वजन आहे, चार फुटाच्या प्लायला मधे टेकू लागतो," म्हणाला. टेकू काही लागला नाही, फळी पुन्हा वाकली. पुस्तकांत कसर लागू नये म्हणून मी वेखंडाचे तुकडे ठेवायचे. शोकेस राहिलीच. सावंतवाडीचा एक आंबा तेवढा आणला होता, तो धूळ खात कपाटावर पडलेला.

तीनेक वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. पीतबिंदूचा विकार. आपण वाचतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो ते डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधल्या भागानं. तोच भाग झिजत जातो. कडेचं दिसत राहतं. म्हणून हे घरात कुठे आपटत नाहीत, रस्त्यानं नीट चालतात, आणि लोकांना वाटतं यांना तर चांगलं दिसतंय. पण चेहऱ्याच्या जागी धुकं, ओळीच्या जागी डाग. यात ओला आणि कोरडा असे दोन प्रकार असतात. ओल्याला डोळ्यात इंजेक्शनं देतात. ह्यांचा कोरडा. गेलेली नजर परत आणेल असा इलाज त्यावर नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणि सरळ सांगितलं म्हणून ह्यांना ते डॉक्टर आवडतात.

वाचन थांबलं. पण शेल्फ थांबलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. खुर्चीच्या हाताशी जी फळी येते तिच्यावर ह्यांचा संसार होता. डावीकडून रेडिओ, मग भिंग, औषधाचा पत्र्याचा डबा, नेलकटर, किल्ल्या, व्हिक्सची डबी आणि टोकाला जुनी डायरी, जिच्यात आता काहीच लिहीत नाहीत. बघणाऱ्याला पसारा. मलाही पसाराच वाटायचा, खोटं कशाला सांगू.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही नणंदेकडे रत्नागिरीला आठ दिवस गेलो होतो. ह्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आलेला. आमची सून दहा मिनिटांवर राहते, किल्ली तिच्याकडे असते. आम्ही परत आलो, दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले.

शेल्फ पांढरंशुभ्र! मधल्या फळीला टेकू देऊन ती सरळ केलेली. मागे मंद पिवळा दिवा. पांढरे फ्लॉवरपॉट तीन, लहानमोठे. एक पांढरा हत्ती. बारीक पानांची दोन रोपं. मधे मधे मोकळी जागा, 'श्वास घ्यायला' असं ती म्हणाली. औषधं आणि बाकीचं सगळं खालच्या फळीवर झाकणाच्या तीन सारख्या पांढऱ्या डब्यांत. विश्वकोश आणि निम्मी पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर. आणि उरलेली पुस्तकं उलटी ठेवलेली, म्हणजे पाठ भिंतीकडे आणि पानांची कड आपल्याकडे. खाकी कव्हरं दिसू नयेत, सगळं एका रंगात दिसावं म्हणून. अशी पद्धत आहे म्हणे.

मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी केलेली मुलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मीही केली आहेत.

पण मंडळी, हे आठवूनसुद्धा मला ते शेल्फ आवडलं. मनापासून आवडलं. पोरीनं दोन दिवस रजा काढून, स्वतः ब्रश हातात घेऊन केलं होतं. ती विचारत होती, "आई, कसं वाटतंय?" आणि मी तिला जवळ घेतलं. हे म्हणाले, "वा! लख्ख दिसतंय." मी त्याच संध्याकाळी फोटो काढून सगळ्या बहिणींना पाठवले. तुम्ही सगळ्यांनी कौतुकही केलंत. सदतीस वर्षांनी मला माझी शोकेस मिळाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं सुरू झालं, "अगं, जरा भिंग देतेस?" "अगं, रक्तदाबाची गोळी कुठल्या डबीत?" "अगं, रेडिओ लावतेस का जरा?" मी पोळ्या टाकून उठायचे आणि द्यायचे. ज्या माणसानं पाण्याचा पेला कधी मागितला नाही, तो दिवसातून वीस वेळा हाक मारायला लागला. मला वाटलं, वय झालं. नजर आणखी उतरली असेल. एकदा तर मी चिडले, "अहो, समोर तर आहे!" यावर हे काही बोलले नाहीत. मग हाका कमी झाल्या. मला बरं वाटलं.

हाका कमी झाल्या, कारण ह्यांनी मागणंच सोडलं होतं. रेडिओ बंद. दुपारभर नुसते खुर्चीत बसलेले.

आणि इथे मला कबूल करायचंय. दिवाळीच्या फराळासारखं गोड गोड लिहायचं असतं तर हे गाळलं असतं. मला कळलं नव्हतं असं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीच ह्यांचा हात त्या फळीवर फिरताना मी पाहिला होता. बोटं मोकळ्या जागेवरून सरकत गेली, हत्तीला लागली, थांबली आणि परत आली. मी पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. सुनेला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण ते शेल्फ मला तसंच हवं होतं हेही तितकंच खरं होतं.

सप्टेंबरात एका रात्री खळ्ळकन आवाज झाला. उठून गेले तर मधला फ्लॉवरपॉट फुटलेला आणि हे अनवाणी उभे. "हलू नका," मी ओरडले. काचेसारखे तुकडे सगळीकडे. हे म्हणाले, "भिंग शोधत होतो." रात्री दोन वाजता भिंग कशाला, मी विचारलं. "विश्वकोशाचा खंड मिळाला असता तर बघायला." खंड तर माळ्यावर. हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं कुणी? "सांगितलं होतं," हे म्हणाले. "तरी शोधला."

मी तुकडे गोळा करत खाली बसले होते आणि पांढऱ्या फरशीवर पांढरे तुकडे मलाच दिसत नव्हते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, जन्मभर मी काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलं. डस्टर नीट मारला नाही, फळा करडा झाला, की मागच्या बाकावरची पोरं ओरडायची, "बाई, दिसत नाही!" आणि इथे पांढऱ्या फळीवर पांढरी डबी ठेवून मी ह्यांना म्हणत होते की समोर तर आहे.

सुनेला सांगणं सोपं नव्हतं. दोन दिवस वाक्यं जुळवत होते. शेवटी फोन केला आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाले, "अगं, बाबांना त्या शेल्फावरचं काही सापडत नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "आई, तुम्ही मेमध्येच का नाही सांगितलंत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला लागलं होतं, ते आवाजावरून कळत होतं. तिनं रंगवलं म्हणून नाही, मी चार महिने गप्प राहिले म्हणून.

रविवारी ती आली, नातवाला घेऊन. तिनं ओढणीनं स्वतःचे डोळे बांधले, खुर्चीत बसली आणि नातवाला म्हणाली, "सांग मला, आजोबांची गोळी काढ म्हणून." पाच मिनिटं चाचपडली. तीन डब्या सारख्या, झाकणं सारखी. नातवाला तो खेळच वाटला, त्यानेही डोळे बांधून घेतले. हे खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहून हसत होते. पुष्कळ दिवसांनी.

मग आम्ही सगळं पुन्हा लावलं. हाताच्या फळीवर गडद निळं जाड कापड. त्यावर काठ असलेला लाकडी ट्रे, म्हणजे हात लागून वस्तू खाली पडत नाही. गोळ्यांना तीन वेगळ्या आकारांचे डबे, सकाळचा गोल, दुपारचा चौकोनी, रात्रीचा तोच जुना पत्र्याचा. फुटेल असं काही हाताच्या उंचीला नाही. मागचा दिवा डोळ्यांवर यायचा, तो आता वरून फळीवर पडतो. रोपं आणि हत्ती गेले सगळ्यात वर, तिथे छान दिसतात. क्रम मात्र ह्यांनी स्वतः सांगितला, डावीकडून रेडिओ, मग भिंग, सगळं जसंच्या तसं. डायरीसुद्धा. सून एकदा हळूच म्हणाली, "डायरी लागते का बाबांना?" मी म्हटलं, राहू दे.

विश्वकोश माळ्यावरून उतरला. आता तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, नातवानं फोनवर लगेच काढूनही दाखवला. तरी खंड खालच्या फळीवर आलेच, पाठ आपल्याकडे करून. हे खाली बसून पाठीवरून बोटं फिरवतात, मोजतात आणि हवा तो काढतात. मग नातू आला की भिंगाखाली मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याचं मराठी इंग्रजी शाळेतलं. जोडाक्षरांना अडखळतो, हे न बघता दुरुस्त करतात. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते.

एवढं लावून झाल्यावर एक अडचण उरली. भिंग कुठे संपतं आणि औषधं कुठे सुरू होतात ते हाताला कळायला खूण हवी होती. नातू कपाटावर चढून सावंतवाडीचा आंबा घेऊन आला. रंगाचे टवके उडालेत, देठ मोडलाय. तो ट्रेच्या अलीकडे बसला. ह्यांचा हात आधी आंब्यावर जातो, एक क्षण तिथे थांबतो, मग पुढे.

काल धूळ पुसताना मी तो उचलला आणि परत ठेवताना चुकून वीतभर डावीकडे ठेवला. पाच मिनिटांत हॉलमधून आवाज आला,

"अगं, आंबा कुणी सरकवला?"