नोंदीबाहेरचा ताप

आमच्या घरी साठवलेलं पाणी हीच दौलत. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे. अम्मीच्या जहेजातला तांब्याचा हंडा, दोन रांजण, एक निळं प्लास्टिकचं बॅरल आणि मोरीपाशी वजूचा डबा. यातलं पाणी ओतून देणं आमच्याकडे गुन्हाच. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असं पत्रक दारावर लागलं की आम्हा भावंडांना हसू यायचं. आमचे तर आठवड्यातले पाच दिवस कोरडेच!

२०२० च्या जानेवारीत आशाताई रजिस्टर घेऊन दारात आल्या. घरात माणसं किती, बाहेरगावाहून कोण आलं, कुणाला ताप आहे का, असं विचारू लागल्या. तो काळ वाचकांना आठवत असेल. नागरिकत्वाच्या नव्या कायद्यावरून देशभर मोर्चे निघत होते, शाहीनबागेत बायका थंडीत बसल्या होत्या. मोहल्ल्यात निरोप फिरला होता, रजिस्टर घेऊन कुणी आलं तर नावं सांगू नका. भाभीने दार अर्धंच उघडलं. ‘नाम नक्को पूछो, बाई.’ आशाताई आमच्याच गावच्या. भाभीच्या बाळंतपणात रात्री-अपरात्री धावून आलेल्या. त्या गुपचूप पुढच्या दाराशी गेल्या. तिथंही तेच झालं. आम्ही चार शिकलेली माणसं घरात होतो, पण कुणी उठलो नाही. मनातली भीती खोटी नव्हती, हे आम्ही आजही म्हणू. पण रजिस्टर कशाचं आहे, एवढं विचारायला काय हरकत होती?

त्यानंतर त्या आमच्या दारी प्रश्न विचारीनाशा झाल्या. पत्रक चिकटवायचं आणि जायचं.

२०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. विसर्जनाच्या गर्दीत अडचण नको म्हणून मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला. धाकटा तिकडे नोकरीला. जोडून सुट्टी मिळाली म्हणून रात्रीच्या एसटीने घरी आला, तो कणकण घेऊनच. सकाळी डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. नाक्यावरच्या लॅबमध्ये कार्डावर रेघ उमटली: डेंग्यू. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितलं, ॲस्पिरिनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. शेजारच्या चाची रोज पपईच्या पानांचा रस आणायच्या. त्याचा किती उपयोग झाला अल्लाह जाणे, पण आठव्या दिवशी पोरगा उठून बसला. अम्मीने शुक्रान्याच्या नफिल पढल्या. तो दिवसभर अंगणात पडून असे, मच्छरदाणीविना. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे आम्हांला ऐकून ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चाचींच्या नातीला ताप भरला. सातवीतली पोर. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. या दुखण्याचा घात तिथंच असतो. ताप जातो आणि रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपू लागतं. पोट दुखतंय म्हणाली, हातपाय गार पडले. गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेईतो उशीर झाला. कागदावर लिहिलं होतं, ताप आणि शॉक. डेंग्यू हा शब्द नव्हता.

मग आम्ही हिशेब शोधू लागलो. त्या वर्षी देशात डेंग्यूचे २,८९,२३५ रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले. १९९६ च्या साथीत, जिने दिल्ली हादरली, देशभरातला आकडा १६,५१७ होता. पण नोंद व्हायला एलायझा तपासणी लागते. त्यासाठी ठरावीक रुग्णालयं आहेत, आणि आयजीएम तपासणीचे संच आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून जातात. नाक्यावरचं कार्ड फार तर संशयितात धरलं जातं. धाकट्याची एलायझा झाली नाही, पोरीचीही नाही. म्हणजे दोघंही त्या आकड्यांत नाहीत. २०१४ साली संशोधकांनी अंदाज मांडला की २००६ ते २०१२ या काळात डॉक्टरांनी निदान केलेले रुग्ण सरकारी नोंदीच्या २८२ पट असावेत. २०१७-१८ मध्ये आयसीएमआरने १५ राज्यांत १२,३०० माणसांचं रक्त तपासलं, तर जवळपास निम्म्यांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा निघाल्या. कित्येकांना कळलंही नसेल.

आणखी एक गोष्ट वाचली, ती डोक्यातून जात नाही. ही डासीण शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. तापकऱ्याचं रक्त प्याल्यावर आठ-दहा दिवसांनी तिचा डंख दुसऱ्याला बाधतो. देश ओलांडतो तो माणूस, एसटीतून, रेल्वेतून, सणासाठी. आम्ही बोटांवर दिवस मोजले. धाकटा आला ती तारीख, पोरीला ताप भरला ती तारीख. मधलं अंतर बरोबर बसत होतं. ती दुसरीकडूनही आजारी पडली असेल, नाही असं नाही.

दफनानंतर चार दिवसांनी आशाताई आल्या. या वेळी भाभीने दार पूर्ण उघडलं आणि सगळ्यांची नावं स्वतः सांगितली. धाकट्याचा ताप त्यांनी रजिस्टरात चढवला. मग बॅटरी घेऊन निळ्या बॅरलकडे गेल्या. आम्ही ते कधी रिकामं करत नव्हतो, वरून भर घालत होतो. उजेड पडला तशा तळाकडे वळवळत अळ्या पळाल्या. आशाताई म्हणाल्या, ‘नुसतं ओतून भागणार नाही. अंडी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने मरत नाहीत. घासून काढा.’ आम्ही दोघा भावांनी बॅरल आडवं केलं. पाणी गल्लीच्या गटारातून चाचींच्या उंबऱ्यापुढून वाहत गेलं. आशाताईंनी खडूने भिंतीवर तारीख लिहिली.

पाण्याचा आवाज ऐकून चाची बाहेर आल्या. ‘क्या निकला रे?’

‘कुछ नहीं, चाची,’ आम्ही म्हणालो. ‘पानी देखने आए थे.’