मासा मागावा लागत नव्हता

जाफराबाद हे पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. आज तिथल्या पोरांना सांगितलं, की या नदीत हातभर मासे होते, तर ती हसतात. त्यांनी पाहिलेली नदी म्हणजे वाळू उपसून पडलेले खड्डे, वेड्या बाभळी आणि हिरवट डबकी. पण वस्तीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा.

मृगाचा पाऊस होऊन ओढ्याला पहिलं पाणी आलं, की मासे उलट्या धारेने वर चढायचे. आम्ही पोरं दगडांचा बांध घालून मधल्या फटीत टोपलं धरायचो. माय आणि चुलत्या जुनं लुगडं दोन्ही टोकांनी धरून पाण्यात उतरायच्या. झिंगे, खेकडे, बारके मासे, कधी एखादी वाम. उन्हाळ्यात डोह आटला, की चिखलात हात घालून मरळ धरायची. घरात तेल नसलं तरी कालवण व्हायचं. उरलेले मासे मीठ लावून पत्र्यावर वाळत घालायचे.

आजी म्हणायची, "भाकर दारोदार मागून आणावी लागायची, मासा मागावा लागत नव्हता." माझ्या मते या एका वाक्यात नदीचं सगळं अर्थशास्त्र आहे. ज्याच्याकडे शेत नाही, गोठा नाही, त्याच्या लेकराला सकस अन्न कुणाच्याही मेहरबानीशिवाय मिळत होतं. नदी काही समतेचं राज्य नव्हती. वरच्या अंगाला त्यांचा पाणवठा, खालच्या अंगाला आमचा, हे तिथेही होतंच. पण माशाला विटाळ ठाऊक नव्हता. तो खालच्या अंगालाही यायचा.

मग मासा गेला कुठे? "पाऊस कमी झाला" हे सोयीचं उत्तर आहे. पावसाळ्यात मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतो. गोदावरीतून पूर्णेत चढणाऱ्या माशाच्या वाटेत आज सिद्धेश्वर, येलदरी आणि खडकपूर्णा अशी तीन धरणं आहेत. धरणात मासा आहे, पण तो ठेक्याचा. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते, त्यावर उन्हाळ्यात डोह जगतात. वाळू गेली, डोह गेले, डोहातलं बीज गेलं. उरलेल्याचा निकाल शेतातून वाहून येणाऱ्या औषधांनी आणि गावाच्या गटाराने लावला. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं. कायदा कागदावर आहे आणि ट्रॅक्टर नदीत आहे.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, नदी हा पर्यावरणवाल्यांचा विषय, आपला विषय जात. मला हे पटत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते सार्वजनिक पाण्यावर आपला माणूस म्हणून हक्क आहे हे सांगायला. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचा पाया त्यांच्याच खात्यात घातला गेला. पाणी कुणाचं, हा प्रश्न त्यांनी कधीच दुसऱ्यावर सोडला नाही. मग तळ्यावरचा हक्क मिळवलेल्या समाजाने नदी ठेकेदाराला कशी सोडायची? जाळ्यावर जगणारा भोई समाजही याच नदीबरोबर उघड्यावर आलाय. तो आपला सोबती आहे.

खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचं नाव आहे. नावाचा अभिमान जरूर बाळगा. पण ग्रामसभेत वाळूचा विषय निघेल, तेव्हा आपल्या वस्तीतली पोरं पुढच्या रांगेत बसलेली हवीत. उपसा किती, परवानगी कुणाची, नदीत पाणी किती उरणार, हे लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

मासा एका पावसात परत येणार नाही. पण आजीला जे मागावं लागत नव्हतं, ते आपल्या लेकरांना बाजारात दोनशे रुपये मोजूनही ताजं मिळत नाही. हा हिशेब कुणीतरी मागितलाच पाहिजे.

जय भीम.