उरलेली पिन

आमच्या घरीं एक जुनी मारुती ८०० आहे. १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या त्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. आमची अखेरच्या वर्षांतली. कुडव्याहून शाळेस जावें, सुटींत धानाच्या बांध्यांमधल्या खडबडीत वाटांनीं सोयऱ्यांकडे जावें, एवढाच तिचा संसार.

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर स्टिअरिंगचें चक्र दोन बोटें फिरविलें तरी चाकें हलेनात, आणि खड्ड्यांत पुढून 'खट्' असा आवाज येऊं लागला. मीं तिकडे दोन महिने काणाडोळा केला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

अखेर एका शनिवारीं गाडी अंगणांत उभी केली. मागील चाकांस दगड लाविले, जॅकनें पुढची बाजू उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकविली. नुसत्या जॅकवर भार ठेवून गाडीखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ. चाक डाव्याउजव्या कडांस धरून हलवितांच दोष सांपडला. रॅकपासून चाकाच्या भुजेपर्यंत जो दांडा जातो, त्याच्या टोकाशीं गोळा व वाटी यांचा सांधा असतो. कारागीर त्यास टाय रॉड एंड म्हणतात. आपल्या खांद्याची रचना अशीच आहे. रबरी टोपी फाटून आंत चिखल शिरला होता, वंगण सुकलें होतें, आणि गोळा वाटींत डुलत होता. दुसऱ्या बाजूची दशाही फारशी निराळी नव्हती.

या दांड्यांचें काम मोठें सूक्ष्म आहे. वळतांना आंतल्या चाकास बाहेरच्यापेक्षां लहान वर्तुळ चालावें लागतें. म्हणून दोन्ही चाकें सारखींच वळून भागत नाहीं. हें कोडें म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाडीकारानें घोडागाडीसाठीं सोडविलें. १८१८ सालीं इंग्लंडांत पेटंट घेतलें तें त्याचा प्रतिनिधि आकरमान यानें, आणि नांवही आकरमानचेंच राहिलें. जगांत असें पुष्कळदां होतें. असो.

माझा मुलगा अकरावींत आहे. निघेल तो प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर क्रमानें मांडण्याचें काम त्याजकडे दिलें. मीं चेकनट सैल केला, पिन ओढून वरचा नट सोडविला. सांधा गंजानें धरला होता; तेव्हां आट्यांवर घाव न घालतां भुजेच्या नेढ्याच्या कडेवर हातोडा मारला, त्यासरशीं तो निसटला. दांड्यावरून उलगडतांना फेरे मोजले: चौदा. नवा सांधा तितकेच फेरे चढविला, कारण एकदोन फेऱ्यांच्या फरकानेंही चाकाचा रोख बदलतो. दुसरी बाजूही झाली. चाकें चढवून मी हात धुवावयास निघालों.

"बाबा, ही पिन उरली."

"जुनी असेल. टाकून दे," मी म्हणालों. दिवसभर ओणवें राहून पाठ दुखत होती, आणि लेकरानें चूक काढावी हें त्या घटकेस रुचलें नाहीं.

"जुन्या वांकड्या होत्या. ही सरळ आहे."

तो खरें बोलत होता. बोटाच्या पेराएवढी ती दुहेरी तार. बंडीच्या आंसाच्या टोकाशीं खीळ असते, तसेंच हिचें काम. नटाच्या खांचेंतून आरपार जाऊन त्यास फिरूं न देणें. ती नसती तर नट हळूहळू ढिला होऊन गळला असता, सांधा सुटला असता, आणि एक चाक आपल्याच मनानें वळलें असतें. कदाचित् तिरोड्याच्या रस्त्यावर, समोरून ट्रक येत असतां, आणि मुलाची आई मागें बसलेली असतां.

मीं कांहीं न बोलतां जॅक पुन्हां लाविला. डावें चाक उतरविलें. नट घट्ट होता, पण भोंक रिकामें. पिन मुलानेंच घातली आणि तिचीं टोकें पकडीनें वांकविलीं. मग उजवें चाकही उतरवून पाहिलें, तेव्हां कोठें मनास स्वस्थता आली.

दुसऱ्या दिवशीं गाडी सावकाश गोंदियास नेऊन चाकांची अलाइनमेंट यंत्रावर तपासून घेतली. फेरे मोजूनही थोडा फरक राहिलाच होता.

जुन्या सांध्यांपैकीं एक मीं धुवून वर्गांत ठेविला आहे. मुलें गोळा हलवून पाहतात. दुसरा माझ्या मुलाच्या टेबलावर आहे. त्यास तो कोणालाही हात लावूं देत नाहीं.