मुरड

मराठीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना ‘मनाला मुरड घालणे’ हा हमखास येतो. आम्ही दोघेही गेली वीसएक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांनी मिळून तो किती वेळा फळ्यावर लिहिला असेल याची गणती नाही. अर्थ : इच्छेला आवर घालणे. विद्यार्थी उतरवून घेतात, आम्ही पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. मुरड नावाची एक गोष्ट असते, ती बोटांनी घालायची असते आणि नीट पडली नाही तर कढईभर तेलाची नासाडी होते, हे आमच्यापैकी एकाला गेल्या भाद्रपदापर्यंत ठाऊक नव्हते. दुसरीला ठाऊक होते, पण जमत नव्हते.

सिद्धेश्वर हे आमचे गाव. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे नाव बाहेरच्यांच्या कानावर असते ते धरणामुळे. पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली हे. माय, म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसरीची सासू, लग्न होऊन इथे आली तेव्हा धरणाचे काम चालू होते आणि जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो 1999 साली. माय आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, काठीच्या आधाराने चालणेही परत आले. उजव्या हाताची बोटे मात्र परतली नाहीत.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. निघताना नैवेद्याला मुरडीचे कानवले लागतात. काठाला मुरड घातली की माहेरवाशीण पुन्हा मागे मुरडते, असा त्यामागचा भाव. घरातून कोणीही लांबच्या गावी निघाले की माय हेच करी. आम्ही नोकरीसाठी गाव सोडले तेव्हाही शिदोरीत कानवलेच होते. इतक्या वर्षांत ते दुसऱ्या कोणी करण्याची वेळच आली नव्हती. या वर्षी मायने पाटावर बसून जाहीर केले, “म्या सांगते, तुमी करा. तोंड हाय ना अजून.”

छापील मराठी पाकशास्त्राची परंपरा थेट 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पर्यंत मागे जाते, आणि कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. माप आम्हांला वाचता येत होते. दोन वाट्या बारीक रवा-मैदा, चार चमचे मोहन, चिमूटभर मीठ. पण मायचे माप निराळे. कडकडीत तापलेले तूप पिठावर ओतायचे, ते सळसळले पाहिजे. मग पीठ दोन्ही हातांनी चोळायचे आणि मूठ वळून पाहायची. मूठ टिकली आणि बोट लावताच फुटली की मोहन पुरले. त्यानंतर दुधात घट्ट भिजवायचे, झाकून ठेवायचे आणि कुटायचे. पूर्वी उखळात, आता मिक्सरमध्ये.

आमची लेक पुण्याला शिकते. सणासाठी आली होती. मैत्रिणीकडे तिने सफरचंदाचा ‘पाय’ केला होता, त्याचे शास्त्र ती आजीला ऐकवू लागली. त्या पारीला वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. लोणी आणि पाणी दोन्ही बर्फासारखे गार. लोणी पिठात पुरते मिसळायचे नाही. वाटाण्याएवढे खडे शिल्लक ठेवायचे. भट्टीत ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ पिठाचे पापुद्रे उचलते.

“गार मोहन?” मायला हसू आवरेना. “त्यानं कुनाला मोहनी पडावी, माय!”

मग आमच्या ध्यानात आले की दोघी एकाच गोष्टीची दोन टोके धरून बसल्या आहेत. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे होते. पोळीला ते हवे असते, पारीला नको. गरम मोहन कणाकणाला तुपाचे अस्तर लावते आणि जाळे फार वाढू देत नाही. म्हणून पारी खुसखुशीत होते. गार लोणी थरांच्या मध्ये राहते. म्हणून पापुद्रे सुटतात. पापुद्र्यांसाठी मायकडेही उपाय होताच : साटा. तूप आणि तांदळाची पिठी पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, तीन पोळ्यांना लावून त्या एकावर एक ठेवायच्या, घट्ट वळकटी करून कापायची आणि तुकडे हलक्या हाताने लाटायचे. “आजी, हे तर तेच!” लेक म्हणाली. मायने मान हलवली; कबूल केले की नाही, कळले नाही.

सारणाप्रमाणे पारी बदलते, हा नियमही दोन्हीकडे सारखा. सुक्या खोबऱ्याच्या, खसखशीच्या सारणाला भरपूर मोहनाची, तळायची पारी. पुरण ओलसर, त्याला साधी कणीक पुरते. नागपंचमीला तळण वर्ज्य, म्हणून त्याच पुरणाची दिंडे वाफेवर जातात. तिकडेही पातळ, दुधाळ सारण असले की पारी लिबलिबीत होऊ नये म्हणून रिकामी पारी कडधान्याच्या ओझ्याखाली आधी भाजून घेतात.

एका बाबतीत मात्र वाटा फुटतात. जुन्या इंग्रजीत पायच्या जाड कवचाला जो शब्द होता, तोच आज शवपेटीला आहे. मूळ अर्थ नुसती पेटी. पण शेक्सपिअरने ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये दोन्ही अर्थ एकत्र आणून अंगावर काटा आणला आहे. तिकडे कवच म्हणजे पेटी, बंद करून ठेवण्याची. आमच्याकडे त्याच्या काठावर परत येण्याचा शब्द आहे.

तो काठ काही केल्या जमेना. कडा दुधाच्या बोटाने चिकटवायच्या, एका टोकाला चिमूट धरून अंगठ्याने आत दुमडायची, पुढची चिमूट तिच्यावर चढवायची. सगळे सांगून झाले होते. कातणाने कापले तर कड सुबक दिसते, पण त्याला मुरड म्हणत नाहीत. पहिले दोन कानवले तेलात उलले. सारण जळून काळे झाले आणि बाकीच्यांना चिकटले. नैवेद्याला फुटका कानवला चालत नाही. तेल गाळून पुन्हा बसलो. आमच्यातल्या ज्याने उभ्या आयुष्यात चुलीपुढे बसकण मारली नव्हती, त्याला मायने जवळ बोलावले. डाव्या हाताने त्याचा अंगठा धरला आणि काठावरून फिरवला. एक चिमूट. दुसरी. तिसरी.

“मनाला मुरड घालतात, ती हीच का गं माय?” त्याने विचारले. खरे तर तो विषय बदलत होता. तिची थरथर त्याच्या अंगठ्याला कळत होती.

“हीच की.”

“म्हणजे आतलं दाबून टाकायचं.”

मायने हात थांबवला. “दाबून कशाला टाकावं? दाबलं की फुटतंय. आतलं सांडू नये म्हनून घालायची, लेकरा.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मायची शाळा चौथीला सुटली. तिने मनाला मुरड घातली, असे आम्ही आजवर लोकांना सांगत आलो होतो. सांगताना आवर घातला, सोडून दिले, संपले, एवढेच आमच्या मनात असे. आत काही शिल्लक असेल, ते सांडू नये म्हणून कोणी इतकी वर्षे काठ सांभाळला असेल, हे आम्ही तिला कधी विचारले नव्हते. तेव्हाही विचारले नाही. तेल तापले होते.

अकरा कानवले झाले. शेवटचा मायने एकटीने, डाव्या हाताने केला. वाकडा, ओबडधोबड, पण तेलात उलला नाही. संध्याकाळी लेक पुण्याला निघाली तेव्हा तो तिच्या डब्यात होता.

पुढच्या आठवड्यात वर्गात वाक्प्रचारांचा तास होता. ‘मनाला मुरड घालणे’ फळ्यावर लिहिले आणि नेहमीचा अर्थ लिहायला खडू उचलला. मग विचारले, “घरी मुरडीचे कानवले कोणाला येतात?” तीन हात वर झाले, तिन्ही मुलींचे. खडू खाली ठेवला. म्हणालो, “अर्थ आधी या तिघी सांगतील.”