वारो खंयसून येता?

11 नोव्हेंबर 2009. कार्तिकी होऊन गेली होती, शाळू नुकता वर आला होता आणि सोलापूरवर आभाळ दाटलं होतं. सात रस्त्याच्या टपरीवर चहा घेताना मी म्हणालो, "बरं झालं की काका, एक पाऊस शाळूला पाहिजेच होता." काकांनी कप खाली ठेवला. "वारो खंयसून येता?"

सात रस्ते फुटतात तिथं, काय सांगणार! आम्ही ढग बघणारी माणसं. पाण्याची माझी कल्पना सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलावापाशी संपायची. काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे, रेल्वेत लागून इथलेच झालेले. शेंगाचटणीशिवाय जेवायचे नाहीत, पण घाबरले की मालवणी बोलायचे.

शेजारच्या दुकानात टीव्हीवर फयान वादळाची बातमी चालू होती. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ते किनाऱ्यावर चढलं होतं. रत्नागिरीकडच्या कितीतरी होड्या परतल्या नव्हत्या. काका घरी यायला तयार होईनात.

त्यांचे वडील फत्तेमारीवर तांडेल. दोन डोलकाठ्यांचं गलबत, मंगलोरी कौलं भरून मुंबईला न्यायचं. पावसाळ्यात शीडं उतरवून, झावळ्यांनी शाकारून ते किनाऱ्यावर. नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात. 17 जुलै 1947ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, की आषाढात आमचं शीड घडी घातलेलं असतं.

पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, दिवाळी उलटून गेल्यावर, मुंबईवर वादळ आलं. गलबत श्रीवर्धनच्या आसपास होतं.

"पयलो वारो जमनीवरसून येता," काका म्हणाले. "तो फसयता." जमिनीवरचा वारा म्हणजे मतलई, रोजचीच. किनाऱ्याच्या आडोशाला लाटाही कमी, म्हणून वडिलांनी तिथंच नांगर टाकला. वादळ पुढं सरकलं तसा वारा दक्षिणेला वळला, मग पश्चिमेला, आणि आडोसा होता तोच किनारा गलबताच्या अंगावर आला. पोटात कौलांचं ओझं, समोर खडक. नऊ जणांतला एक खलाशी फळीला धरून वाचला. हे सगळं त्यानं सांगितलेलं.

तेरा वर्षांचे काका मामाबरोबर शोधायला गेले. वडील सापडले नाहीत. वाळूत कौलं मात्र होती, फुटकी, धडकी, लांबपर्यंत. गावातल्या एका घराचं अर्धं छप्पर गवताचं होतं, अर्धं नव्या लाल कौलांचं. काका तिथंच उभे राहिले. मामानं दंडाला धरून पुढं नेलं.

"घेतली तर घेतली," काका म्हणाले. मग जरा वेळानं, "चांगली कौलं होती."

पाऊस सुरू झाला. टपरीवाल्यानं ताडपत्री ओढली, आम्ही सगळे आत सरकलो. काका मात्र चौकाच्या कडेला जाऊन उभे राहिले. एकदा स्टेशनकडं तोंड करत, एकदा विजापूर रोडकडं.