भाचीचं कॉलेज आणि मामाचं एक्सेल



बहरीनमध्ये मे महिना आला की मराठी घरांत दोनच विषय असतात: सुट्टीची तिकिटं आणि बारावीच्या मुलांचं पुढे काय. दोन वर्षांपूर्वी हा दुसरा विषय आमच्या घरी आला. ताई आणि दाजी इथे बावीस वर्षं आहेत, मी नऊ. भाचीचा जन्म इथलाच. बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या झाडून सगळ्या मांजरांना ती नावानिशी ओळखते. एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, "मी व्हेट होणार."

दाजींना ऐकू आलं 'वेट'. त्यांना वाटलं पोरगी वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणार. खरा अर्थ कळल्यावर गावी फोन गेला. आई म्हणाली, "एवढं शिकून गुरांचा डॉक्टर?" ताई काहीच बोलली नाही. आमच्या घरात ही सगळ्यात गंभीर प्रतिक्रिया असते.

मामा इंजिनिअर, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. इथल्या विद्यापीठांत हा कोर्स नाही, म्हणजे पोरगी बाहेर जाणार हे नक्की. मी रात्री बसून एक एक्सेल केलं. फी, राहणं-खाणं, वर्षं किती, पदवी कुठे चालते, असे कॉलम आणि प्रत्येकाला वेटेज. ऑफिसात व्हेंडर निवडताना करतो तसंच.

यादीत पहिलं नाव लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज, स्थापना 1791. पदवी ब्रिटनमध्ये चालते, अमेरिकेच्या एव्हीएमएचीही मान्यता आहे. पण परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची फी चाळीस हजार पौंडांच्या वर आणि कोर्स पाच वर्षांचा. दुसरं बुडापेस्टचं विद्यापीठ, 1787 सालचं. तिथे 1989 पासून इंग्रजीतून शिकवतात, अकरा सेमिस्टर. फी दहा हजार युरोंच्या वर, राहण्याखाण्यासकट आमचा अंदाज कोटीच्या आसपास गेला. तिसरं कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरचं रॉस विद्यापीठ. एव्हीएमएची मान्यता 2011 पासून, शेवटचं वर्ष अमेरिकेतल्या कॉलेजांत. पण बारीक अक्षरांत वाचलं तर बारावीनंतर थेट प्रवेश नाही, आधी प्री-व्हेटचे विषय पुरे करायचे. म्हणजे वर्षंही वाढली आणि खर्चही.

चौथा पर्याय आपल्याकडचा. मुंबईचं परळचं कॉलेज 1886 पासून बाई साकराबाई पेटिट पशू रुग्णालयाच्या आवारात आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं आहे. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर. ही सगळी नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. सगळा खर्च धरला तरी लंडनच्या एका वर्षाच्या फीचा पाव भाग होत नव्हता. अडचण वेगळीच होती. राज्याच्या कोट्याला अधिवास लागतो आणि पोरीची दहावी-बारावी इथली. तिच्यासाठी खरा रस्ता म्हणजे नीट देऊन अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्के जागा. बरं, 2022 पासून मनामातच नीटचं केंद्र आहे, त्यामुळे परीक्षेसाठी विमान पकडावं लागलं नाही.

बेरीज केली तर एक्सेलमध्ये बुडापेस्ट पहिलं आलं, थोड्या फरकाने. दाजी शांतपणे म्हणाले, "पुण्याचा फ्लॅट काढू." तो फ्लॅट म्हणजे त्यांची बावीस वर्षं. इथे नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी संपली की बॅगा भरायच्या. ना पेन्शन, ना दुसरं घर. मी लॅपटॉप बंद केला.

त्याच आठवड्यात भाचीने पार्किंगमधलं एक जखमी मांजर उचललं आणि आम्ही ते क्लिनिकमध्ये नेलं. तिथले डॉक्टर केरळचे, त्रिशूरजवळच्या मन्नुत्तीच्या कॉलेजात शिकलेले. टाके घालता घालता त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी शिकलो गायींवर, पोट भरतो मांजरांवर. फी नंतर विचारा. आधी विचारा, पदवी घेऊन कुठे राहायचंय? आणि कॉलेजात मुलांच्या हाताखालून जनावरं किती जातात?" भारतातली पदवी घेऊन अमेरिकेला जायचं तर ईसीएफव्हीजीची प्रक्रिया आणि मग लायसन्सची परीक्षा, ब्रिटनला जायचं तर तिथल्या रॉयल कॉलेजची परीक्षा, हे त्यांनीच सांगितलं. उलट बाहेरची पदवी घेऊन भारतात यायचं तर 1984 च्या कायद्याच्या परिशिष्टात ती आहे का ते पाहायचं.

जनावरांवर प्रत्यक्ष काम हा कॉलम माझ्या एक्सेलमध्ये होता. वेटेज दहा टक्के.

जुलैत सुट्टीला गावी गेलो. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकांची म्हैस अडली. पहाटेपासून कळा, पण वीत नव्हती. घरातलं दूध त्या एका म्हशीवर. काका गोठ्याच्या दारात उकिडवे बसलेले, तोंडातून शब्द नाही. सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, शिरवळच्याच. खांद्यापर्यंत हात घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिशवीला पीळ पडलाय. फळी आणा."

म्हशीला दोरांनी आडवं पाडलं. पोटावर लांब फळी तिरकी ठेवली, एक टोक जमिनीला टेकवून. आता फळीवर कुणीतरी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पायांचे दोर ओढून म्हशीला पिळाच्या दिशेने हळूहळू लोळवायचं. फळीच्या दाबाने वासरू जागच्या जागी राहतं, म्हैस फिरते आणि पीळ सुटतो. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे गडी ऐंशी-ऐंशी किलोचे. भाचीकडे बोट करून म्हणाल्या, "तू चढ."

बहरीनच्या एसीत वाढलेली पोरगी चिखलात अनवाणी फळीवर चढली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा हात घातला आणि नुसती मान हलवली. अर्ध्या तासात पारडी बाहेर आली, जिवंत. काका रडत होते. आम्ही बाकीचे उगाचच दोर गुंडाळत होतो.

रात्री भाची डॉक्टरांना फोन करून तासभर बोलली. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामा, त्यांनी इंटर्नशिपमध्येच असे पीळ सोडवलेत. मला हे शिकायचंय. फ्लॅट विकू नका."

अखिल भारतीय कोट्यातून तिला महाराष्ट्रात जागा मिळाली नाही, कर्नाटकात मिळाली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. गुरांच्या आजारांची नावं कानडीतून पाठ करते आणि मेसच्या सांबाराला शिव्या घालते. वाचलेल्या पैशातला थोडा भाग दाजींनी वेगळा ठेवलाय. उद्या तिला बाहेर जावंसं वाटलं तर त्या परीक्षांसाठी. परीक्षा सोप्या नाहीत, त्यात वर्षं जातात, हे तिला माहीत आहे. ज्यांच्या मुलांचं अमेरिका किंवा युरोपातच राहायचं पक्कं आहे, त्यांच्यासाठी हिशोब वेगळा येईल. तिथली मान्यता असलेलं कॉलेज महाग असलं तरी शेवटी परवडू शकतं. ऐपत असेल तर जरूर पाठवा, कर्ज काढून पाठवणार असाल तर आधी तिथला सुरुवातीचा पगार पाहा.

मी स्वतः इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडलं ते प्लेसमेंटच्या टक्क्यावर. तिथे चार वर्षं काय करणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. नोकरी लागली, तक्रार नाही. पण फळीवर उभ्या असलेल्या पोरीचा चेहरा पाहिला तेव्हा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

असो. फार लांबलं. चूक भूल द्यावी घ्यावी.

आपला,
मनामावासी मामा

ता. क. काकांनी त्या पारडीचं नाव 'दुबई' ठेवलंय. बहरीन वेगळं, दुबई वेगळं, हे गावात समजावून सांगायचं मी केव्हाच सोडलंय.